नैसर्गिक वायू वितरण कंपन्यांचे कार्यक्षमता-मापन

भूमिगत नळांच्या जाळ्यातून घरे, कारखाने व वाहन-भरणकेंद्रे यांना नैसर्गिक वायू पुरविणाऱ्या कंपन्यांच्या कामाची परस्परांशी किंवा एखाद्या सर्वोत्तम मर्यादेशी पद्धतशीर तुलना करून प्रत्येकीची कार्यक्षमता ठरविण्याच्या प्रक्रियेस कार्यक्षमता-मापन असे म्हणतात. तुलनेसाठी घेतलेल्या पातळीस मानदंड ही संज्ञा आहे. एकाच रस्त्याखाली दोन कंपन्यांनी दोन स्वतंत्र जाळी घालणे परवडणारे नसल्याने वायुवितरण हा नैसर्गिक मक्तेदारीचा व्यवसाय ठरतो. बाजारातील चढाओढीमुळे दुकानदारावर किंमत आटोक्यात ठेवण्याचा जो दाब येतो, तो अशा व्यवसायात आपोआप येत नाही. तो कोणत्या उपायाने आणावा, हा प्रश्न या विषयाच्या मुळाशी आहे. इंग्लंडमध्ये त्याची उत्तरे गेली सु. दीडशे वर्षे शोधली जात आहेत. महाराष्ट्रात तो प्रश्न मुंबईत उद्‌भवला आणि एकविसाव्या शतकात धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील लोहाऱ्यासारख्या ग्रामीण तालुक्यापर्यंत येऊन पोहोचला.

दगडी कोळशाच्या वायूचा काळ : लंडनमध्ये १८१२ साली ‘गॅस लाइट अँड कोक कंपनी’स सनद मिळाली, तेव्हापासून सार्वजनिक वायुपुरवठ्याचा प्रारंभ मानतात. प्रारंभी एकाच वस्तीत अनेक कंपन्या नळ घालीत व रस्ते वारंवार खणले जात. या अनुभवामुळे १८६० च्या महानगर वायू अधिनियमाने लंडनमधील कंपन्यांना वेगवेगळे विभाग नेमून देण्यात आले आणि मक्तेदारीला कायद्याची मान्यता मिळाली. मक्तेदारीच्या मोबदल्यात कंपन्यांवर दोन बंधने आली. एक दराचे व दुसरे वायूच्या प्रकाशशक्तीचे. प्रकाशशक्ती मेणबत्तीच्या प्रमाणात मोजली जाई. तासाला पाच घनफूट वायू जाळणाऱ्या ज्योतीचा प्रकाश किती प्रमाण-मेणबत्त्यांइतका आहे, हे परीक्षक पाहत. वायुवितरणाचा सार्वजनिक मापदंड अशा रीतीने प्रथम गुणवत्तेचा होता. खर्चाची मोजणी त्यात नव्हती.

खर्चाकडे लक्ष वळविणारी महत्त्वाची योजना १८७५-७६ च्या सुमारास लंडनच्या कंपन्यांना लागू झाली. तीस सरकती श्रेणी म्हणत. तीत एक प्रमाणित किंमत व १० टक्के प्रमाणित लाभांश ठरविलेला असे. कंपनीने दर हजार घनफुटांमागे किंमत एक पेनीने कमी केल्यास तिला पाव टक्का अधिक लाभांश वाटता येई आणि किंमत वाढविल्यास लाभांश त्याच प्रमाणात घटे. भागधारकाचा लाभ ग्राहकाच्या लाभाशी बांधण्याची ही युक्ती होती. मात्र तीत कंपनीची तुलना तिच्याच जुन्या किमतीशी होई. प्रारंभीची प्रमाणित किंमत मुळातच जास्त धरली गेली असल्यास कंपनीला फारसे श्रम न करता लाभ मिळे. प्रारंभबिंदू कोणी व कशावरून ठरवावा, ही अडचण पुढील सर्व पद्धतींत निरनिराळ्या रूपांत आढळते.

मुंबईत खाजगी प्रयोगाचा मान जहाजबांधणीतील तज्ज्ञ आर्देशीर कर्सेटजी वाडिया यांच्याकडे जातो. त्यांनी १८३४ मध्ये माझगाव येथील आपला बंगला वायूच्या दिव्यांनी उजळला होता. सार्वजनिक पुरवठ्यासाठी बाँबे गॅस कंपनी स्थापन झाली आणि १८६५ च्या सुमारास शहराच्या काही रस्त्यांवर वायूचे दिवे लागले. परळ-लालबाग भागातील तिच्या कारखान्याची आठवण तेथील ‘गॅस कंपनी लेन’ या नावात राहिली आहे. या व्यवसायाचा ठसा संविधानातही उमटला. राज्यसूचीतील पंचविसावी नोंद वायू व वायुनिर्मितीचे कारखाने यांविषयी आहे, तर खनिज तेलक्षेत्रे व खनिज तेलसंपत्ती संघसूचीच्या त्रेपन्नाव्या नोंदीत येतात. नैसर्गिक वायू यांपैकी कोणत्या नोंदीत बसतो, या प्रश्नाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या संविधानपीठाने मार्च २००४ मध्ये दिला. नैसर्गिक वायू हा संघाचा विषय ठरला व त्याविषयीचा गुजरातचा २००१ चा अधिनियम त्या मर्यादेत अवैध ठरला. परिणामी महाराष्ट्रात विजेचे दर राज्याच्या वीज नियामक आयोगापुढे तपासले जातात, परंतु नळवायूचे नियमन केंद्रीय मंडळाकडे आहे.

मापनाच्या आधुनिक पद्धती : एखाद्या उत्पादकसंस्थेने वापरलेली साधने व तिने दिलेले उत्पादन यांची सर्वोत्तम संस्थांच्या मर्यादेशी तुलना करावी, ही कल्पना इंग्रज अर्थशास्त्रज्ञ एम. जे. फॅरेल यांनी १९५७ मध्ये मांडली. तिच्या आधारे चार्न्स, कूपर व रोड्स यांनी १९७८ मध्ये ‘विदा-परिवेष्टन विश्लेषण’ ही गणिती पद्धत तयार केली. तीत सरासरी संस्था प्रमाण धरली जात नाही. कमीत कमी साधनांत जास्तीत जास्त काम करणाऱ्या संस्था जोडून एक सीमा आखतात व उरलेल्या संस्था त्या सीमेपासून किती दूर आहेत, हे मोजतात. सीमेवरील संस्थेस १०० टक्के कार्यक्षम मानतात. या पद्धतीत मोजणीतील चुका व योगायोग यांचाही समावेश अकार्यक्षमतेत होतो. हा दोष टाळण्यासाठी १९७७ मध्ये पुढे आलेली ‘यदृच्छ सीमा विश्लेषण’ ही संख्याशास्त्रीय पद्धत वापरतात. तीत अपघाती चढउतार व खरी अकार्यक्षमता वेगळी करण्याचा प्रयत्न असतो, परंतु त्यासाठी पुष्कळ कंपन्यांची माहिती लागते.

आंद्रे श्लायफर यांनी १९८५ मध्ये ‘मापदंडी स्पर्धा’ हा विचार मांडला. एका कंपनीस मिळणारी किंमत तिच्या स्वतःच्या खर्चावरून न ठरविता तिच्यासारख्या इतर कंपन्यांच्या खर्चावरून ठरवावी, म्हणजे खर्च फुगविण्यात तिचा लाभ राहणार नाही, असा त्याचा आशय आहे. निरनिराळ्या गावांतील कंपन्या प्रत्यक्ष बाजारात भेटत नसल्या, तरी नियामकाच्या कागदावर त्यांची स्पर्धा लावता येते. या विचाराची अट ‘तिच्यासारख्या’ या शब्दात आहे. तुलना समान परिस्थितीतील कंपन्यांमध्ये झाली, तरच तिला अर्थ राहतो.

परदेशांतील अनुभव : ‘ब्रिटिश गॅस’ या कंपनीचे १९८६ मध्ये खाजगीकरण झाले, तेव्हा स्टीफन लिटलचाइल्ड यांनी १९८३ मध्ये दूरध्वनी-व्यवसायासाठी सुचविलेले सूत्र तिला लावण्यात आले. किरकोळ किमतींच्या निर्देशांकातून ‘क्ष’ हा कार्यक्षमतेचा अंश वजा करून दरवाढीची मर्यादा ठरे. हा अंश प्रारंभी २ होता व १९९२ मध्ये तो ५ करण्यात आला. संपूर्ण देशात एकच कंपनी असल्याने ‘क्ष’ किती असावा, हे तुलनेने ठरविण्याची सोय नव्हती. जून २००५ मध्ये आठ वितरण-जाळ्यांपैकी चार इतरांना विकण्यात आली. त्यानंतर नियामकाला एकाच देशातील निरनिराळ्या मालकांच्या जाळ्यांचा खर्च शेजारी शेजारी ठेवून पाहता आला. २०१३ ते २०२१ या कालखंडाच्या दरनियंत्रणात कार्यक्षमतेचा मानदंड म्हणून वरच्या चतुर्थकाची पातळी घेण्यात आली होती.

जर्मनीत वितरक अनेक असल्याने सांख्यिकीय पद्धतींना तेथे वाव मिळाला. १ जानेवारी २००९ पासून लागू झालेल्या प्रोत्साहनपर नियमनात दोन गणिती पद्धती व खर्चाच्या दोन प्रकारच्या आकडेवारी यांतून प्रत्येक कंपनीचे चार गुण काढीत व त्यांपैकी सर्वांत अनुकूल गुण ग्राह्य धरीत. कोणाचाही गुण ६० टक्क्यांखाली धरला जात नसे. १५,००० पेक्षा कमी वायुग्राहक असलेल्या वितरकांना सोपी पर्यायी पद्धत निवडता येई. मापनात चूक होऊ शकते व तिचा भार एखाद्या लहान कंपनीवर पडू नये, ही जाणीव या तरतुदींमागे दिसते.

भारतातील व महाराष्ट्रातील वाटचाल : मुंबई हाय येथे १९७४ मध्ये तेलाचा शोध लागला व तेथील वायू उरणला आणला जाऊ लागला. १९८४ मध्ये स्थापन झालेली भारतीय वायू प्राधिकरण ही कंपनी (गेल), ब्रिटिश गॅस व महाराष्ट्र शासन यांच्या सहभागाने १९९५ मध्ये महानगर गॅस लिमिटेड ही कंपनी निघाली. ज्या कंपनीवर इंग्लंडमध्ये ‘क्ष’ सूत्राचे बंधन होते, तीच मुंबईच्या वितरणव्यवस्थेची एक जननी ठरली. ते सूत्र मात्र तिच्याबरोबर येथे आले नाही. पुणे परिसरासाठी गेल व भारत पेट्रोलियम यांनी २००६ मध्ये महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड स्थापन केली.

त्याच वर्षी पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ अधिनियम संमत झाला व २००७ मध्ये मंडळाचे काम सुरू झाले. देशाचे भौगोलिक क्षेत्रांत विभाजन करून प्रत्येक क्षेत्र बोलीच्या पद्धतीने एका कंपनीस द्यावे, असे धोरण ठरले. बाजारात स्पर्धा शक्य नसेल तर बाजार मिळविण्यासाठी स्पर्धा लावावी, हे त्यामागील तत्त्व होय. प्रारंभीच्या फेऱ्यांत जाळ्याच्या वापराचा दर व संपीडित वायूचा (सीएनजी) संपीडन आकार यांना बोलीत मोठे महत्त्व होते. काही कंपन्यांनी नगण्य दर देऊन क्षेत्रे मिळविली. ग्राहकाला द्यावी लागणारी अंतिम किंमत मात्र त्या दराने बांधली जात नव्हती. त्यामुळे बोलीतील कमी दर हा कार्यक्षमतेचा पुरावा ठरू शकला नाही.

मंडळाच्या अधिकाराचा प्रश्न दिल्लीच्या इंद्रप्रस्थ गॅस कंपनीच्या प्रकरणात निकालात निघाला. मंडळाने ९ एप्रिल २०१२ रोजी तिचा जाळे-दर व संपीडन आकार बराच कमी करणारा आदेश काढला. दिल्ली उच्च न्यायालयाने १ जून २०१२ रोजी तो रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने १ जुलै २०१५ रोजी हा निर्णय कायम केला. नगर-वितरण कंपनीचा जाळे-दर किंवा ग्राहकांकडून घ्यावयाची कमाल किंमत ठरविण्याचा अधिकार अधिनियमाने मंडळास दिलेला नाही, असा त्याचा सारांश आहे. या निर्णयाने कार्यक्षमता-मापनाचा पायाच काढून घेतला गेला. इतर देशांत मापनातून आलेला गुण दरात उतरतो. येथे दर ठरविण्याचाच अधिकार नसल्याने गुण काढला, तरी तो कोठे लावावयाचा हा प्रश्न राहिला.

२०१८ मध्ये बोलीचे निकष बदलण्यात आले. घरगुती जोडण्यांच्या संख्येला ५० टक्के, सीएनजी भरणकेंद्रांना २० टक्के, पोलादी नळांच्या इंच-किलोमीटरला १० टक्के आणि दोन प्रकारच्या वहनदरांना प्रत्येकी १० टक्के भार देण्यात आला. कंपनीने आठ वर्षांत करावयाच्या कामाचे वार्षिक लक्ष्य तिच्याच बोलीतून ठरू लागले. त्यास किमान कार्यक्रम म्हणतात. मोबदल्यात आठ वर्षे विक्रीचा व पंचवीस वर्षे जाळे उभारणीचा अनन्याधिकार मिळाला. त्या वर्षी सुरू झालेल्या नवव्या फेरीत ८६ व पुढच्या दहाव्या फेरीत ५० क्षेत्रे बोलीसाठी ठेवण्यात आली आणि नळवायूचा नकाशा महानगरांबाहेर वेगाने पसरला. या पद्धतीत कंपनीचे मोजमाप तिने दिलेल्या वचनाशी होते. वचन पाळले की नाही हे त्यातून कळते; ते किती खर्चात पाळले आणि दुसऱ्या कोणी कमी खर्चात पाळले असते काय, हे कळत नाही. शिवाय जोडणी मोजणे सोपे असले, तरी जोडणी व प्रत्यक्ष वापर या भिन्न गोष्टी आहेत. भिंतीपर्यंत नळ आला पण चुलीत वायू पेटला नाही, तर आकडा पूर्ण होतो व सेवा अपुरी राहते.

लोहाऱ्याचे उदाहरण : लातूर व उस्मानाबाद हे दोन जिल्हे मिळून एक भौगोलिक क्षेत्र करण्यात आले व ते युनिसन एन्व्हायरो या कंपनीस मिळाले. तिच्याकडे रत्नागिरी आणि कर्नाटकातील चित्रदुर्ग व दावणगेरे ही क्षेत्रेही होती. लोहारा तालुका या संयुक्त क्षेत्रात येतो. २०११ च्या जनगणनेनुसार उस्मानाबाद जिल्ह्यात लोकसंख्येची घनता दर चौ. किमी.ला सु. २१९ होती, मुंबई उपनगर जिल्ह्यात ती सु. २१,००० होती. मुंबईतील एका बहुमजली इमारतीत उभ्या नळाच्या काही मीटर लांबीवर अनेक घरे जोडली जातात. लोहाऱ्यात तेवढ्याच घरांसाठी गल्लोगल्ली चर खणावा लागतो आणि पठारावरील काळ्या मातीच्या थराखाली बेसाल्ट खडक असल्याने खोदाईचा खर्चही वाढतो.

या तालुक्यात इतिहासाने आणखी एक घटक जोडला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो लोकांचे प्राण घेतले. त्या वेळी उमरगा तालुक्यात असलेले व आता लोहारा तालुक्यात मोडणारे सास्तूर हे अतिशय हानी झालेल्या गावांपैकी एक होते. पुनर्वसन कार्यक्रमात सु. ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. जुन्या गावठाणांत वाडे भिंतीला भिंत लावून उभे होते. पडलेल्या दगडमातीच्या भिंतींनी माणसे गाडली गेल्याच्या अनुभवामुळे नव्या गावांची आखणी रुंद रस्ते व सुटे भूखंड ठेवून झाली. परिणामी ती मूळ गावठाणांच्या कित्येक पट क्षेत्रावर पसरली. सुरक्षिततेसाठी घेतलेल्या या निर्णयामुळे पाणी, वीज व वायू यांपैकी कोणतीही वाहिनी घरोघर न्यावयाची झाल्यास तिची लांबी वाढते. हा खर्च वितरकाच्या निष्काळजीपणाचा परिणाम नसतो.

अशा परिस्थितीत साधी गुणोत्तरे कशी फसवितात, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. दाट वस्तीच्या क्षेत्रात १० किमी. नळावर ५,००० व विरळ क्षेत्रात १० किमी. नळावर ५०० जोडण्या असल्यास जोडणीमागे नळाची लांबी अनुक्रमे २ मी. व २० मी. पडते. यावरून दुसरा वितरक दहापट अकार्यक्षम दिसेल. परंतु वस्तीच्या रचनेनुसार पहिल्या क्षेत्रात जोडणीमागे किमान १.५ मी. व दुसऱ्यात किमान १८ मी. नळ अटळ असेल, तर पहिल्याची कार्यक्षमता ७५ टक्के व दुसऱ्याची ९० टक्के ठरते, क्रम उलटतो. म्हणून घनता, भूस्तर, घरांची रचना, वायूच्या मुख्य वाहिनीपासूनचे अंतर व जाळ्याचे वय हे कंपनीच्या हाती नसलेले घटक तुलनेपूर्वी वेगळे काढावे लागतात. वायूची खरेदी-किंमतही अशीच बाहेरची असते. घरगुती व वाहन-ग्राहकांसाठी देशी वायूचे वाटप केंद्र शासनाच्या धोरणाने होते, तेव्हा मापन केवळ वितरणाच्या खर्चाचे असावे लागते. खरेदी केलेला व विकलेला वायू यांतील हिशेबबाह्य घट, दुरुस्तीस लागणारा वेळ व गळतीच्या तक्रारीस मिळणारा प्रतिसाद हे निकष त्यास जोडावे लागतात. अन्यथा सुरक्षिततेवरील खर्च टाळणारी कंपनी काटकसरी ठरण्याचा धोका असतो.

तुलनेचे एकक : फेब्रुवारी २०२४ मध्ये महानगर गॅस कंपनीने युनिसन एन्व्हायरोचे सर्व भाग संपादन केले. या व्यवहाराने मुंबई व लोहारा ही दोन टोके एका मालकीखाली आली. मोठ्या कंपनीचे भांडवल व तांत्रिक अनुभव दुर्गम क्षेत्रास उपलब्ध होणे हा त्याचा लाभ होय. मापनाच्या दृष्टीने मात्र असे प्रत्येक विलीनीकरण एक स्वतंत्र तुलनीय कंपनी कमी करते. ब्रिटनमध्ये पाणीपुरवठा कंपन्यांच्या विलीनीकरणासाठी १९९१ च्या अधिनियमात विशेष तपासणीची तरतूद याच कारणासाठी आहे. विलीनीकरणाने नियामकाची तुलना करण्याची क्षमता कितपत घटते, हे तेथे पाहिले जाते. याशिवाय कंपनीचा हिशेब एकत्र मांडला, तर दाट क्षेत्राच्या सरासरीत विरळ क्षेत्र लपते. तेथील काम खरोखर महाग आहे, की तेथे कामच कमी झाले आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही.

या इतिहासावरून असे दिसते, की मुंबईच्या रस्त्यांवर वायूचे दिवे लागल्यापासून महाराष्ट्रात वायुवितरकाकडे तीन निरनिराळ्या मापांनी पाहिले गेले. प्रथम प्रकाशाचे, नंतर बोलीतील दराचे व शेवटी वचन दिलेल्या जोडण्यांचे माप आले. समान परिस्थितीतील क्षेत्रांच्या खर्चाची व सेवेची परस्परतुलना हे चौथे माप इतरत्र रूढ झाले असले, तरी भारतीय कायद्यात त्याला दराशी जोडणारा दुवा नाही. तो दुवा निर्माण होण्यापूर्वीही प्रत्येक भौगोलिक क्षेत्राचा हिशेब स्वतंत्रपणे व एकाच नमुन्यात प्रसिद्ध झाल्यास तुलनेचे एकक कंपनीऐवजी क्षेत्र हे ठरेल आणि मालकी एकवटली, तरी तुलना टिकेल. लोहाऱ्याची तुलना मुंबईशी केल्यास तेथील जाळे नेहमीच तोट्याचे दिसेल व कोणतीही तुलना न केल्यास त्याच्या खर्चाची जबाबदारी कोणावरच राहणार नाही. अनन्याधिकारामुळे ज्यांना दुसरा वितरक निवडता येत नाही, अशा ग्राहकांच्या दृष्टीने लोहाऱ्यासारख्याच विरळ वस्तीच्या व खडकाळ भूस्तराच्या इतर क्षेत्रांशी होणारी तुलना हीच बाजारातील स्पर्धेची जागा काही अंशी घेऊ शकते.